चिमणीच्या कोटातला हिरवा दिवा

तो हिरवा दिवा खरा आहे की नुसताच लुकलुकतोय, हे मला कळत नाही, आणि म्हणून डोळ्याला डोळा लागत नाही.

आमच्या धाकटीला घरात सगळे चिमणी म्हणतात. लहानपणी इवलीशी होती म्हणून. आता ती कारखान्याच्या चिमणीतून निघणाऱ्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचं संशोधन करते, तेव्हा तिच्या बाबांना आयतंच सापडलं. "चिमणीनं चिमणीचं तोंड बांधलं, पण स्वतःच्या खोलीतला पंखा काही पुसला नाही."

उंच नळकांड्यात खालून धूर सोडतात, वरून एक द्रावण. ते हा वायू शोषून घेतं आणि तापवलं की सोडून देतं, जवळजवळ शुद्ध. द्रावणाचा वास तिच्या केसांना येतो, शिळ्या मासळीसारखा. मी एकदा नाक मुरडलं तर म्हणाली, "आई, वास येतो त्याला काय भ्यायचं? भ्यायचं ते बिनवासाच्या वायूला. तो गुपचूप खाली जाऊन बसतो."

नमुने घ्यायला तिला तिथेच, खालच्या खड्ड्यात उतरावं लागतं, दर दोन तासांनी. कॉलरला काडेपेटीएवढं यंत्र असतं. वायू वाढला की ते ओरडतं.

रविवारी तिचा कोट मी मशीनमध्ये टाकला. बाहेर काढताना खिशातून ते यंत्र पडलं. "माझ्या कामाच्या कपड्यांना हात लावू नकोस," हे तिनं मला शंभरदा बजावलंय. मी ते पुसलं, खिडकीत वाळवलं. संध्याकाळी हिरवा दिवा लागला. गुपचूप खिशात ठेवून दिलं.

सोमवारी तिची बहात्तर तासांची चाचणी सुरू झाली. आज तिची रात्रपाळी आहे. एक नमुना चुकला तरी चाचणी धरत नाहीत, सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं ती याच्यामागे लागलीय.

झोपताना ह्यांना सांगितलं. "दिवा लागतोय ना? मग झोप."

"दिवा लागतो हो. ओरडतं का, ते कोणी पाहिलंय?"

ते कूस बदलून जागेच राहिले.

ती चिडेल. आठवडाभर बोलणार नाही. तुझ्यामुळे बुडालं म्हणेल, आणि ते खरंच असेल.

पावणेदोन झालेत. दोनला ती खाली उतरेल. मोबाइल तिला आत नेता येत नाही. नियंत्रण कक्षाचा नंबर तिनंच फ्रिजवर चिकटवलाय, वर लिहिलंय, "आई, जिवावर बेतलं तरच."

लावते.