कौल लावायला माणूस हवा

माणूस एक वेळ बायकोवाचून राहील, पण लोणावळ्यात छपरावाचून राहू शकणार नाही, असे माझे ठाम मत होते. मग एका उन्हाळ्यात माझी दोन्ही गेली आणि मत बदलले.

आधी बायको गेली. मी तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत मराठी शिकवत होतो. मूळचा पुण्याचा, त्यामुळे दुसऱ्याची भाषा सुधारणे हा माझा आवडता उद्योग. वर्गात, बाजारात, टांग्यात, मिळेल तिथे! आमचे बिऱ्हाड स्टेशनामागे, देशी कौलांच्या एका लहानशा घरात होते. आदल्या पावसाळ्यात ते घर असे गळले, की हिने सगळी पातेली धारांखाली मांडली आणि स्वयंपाकाला एकही उरले नाही.

"आता पिठलं कशात करू?" तिने विचारले.

"ज्यात पाणी कमी साठलंय त्यात कर," मी म्हणालो. (मला तो विनोद वाटला. तिला वाटला नाही.)

चैत्रात ती भावाच्या लग्नाला पुण्याला गेली. लग्न झाले, मांडव उतरला, पण ही काही आली नाही. निरोप मात्र आला : कौले नीट झाली की न्यायला या, तोवर मी येत नाही. सासरेबुवांनी त्याला आपली पुरवणी जोडली होती. पाऊस लागायच्या आत काम झाले नाही, तर ती दिवाळीपर्यंत इथेच राहील, पुढचे पुढे. त्या 'पुढचे पुढे'ने माझी झोप उडवली. पुण्यात तिच्या मैत्रिणी होत्या, नातलग होते, नळाला पाणी होते. लोणावळ्यात काय होते? मी होतो! एवढ्या भांडवलावर ती परत येईल, असा मला स्वतःलाच भरवसा वाटेना.

म्हणून मी गणपत मिस्त्रीला बोलावले. त्याने अंगणात उभे राहून छपराकडे पाहिले आणि जीभ टाळ्याला लावून असा काही आवाज काढला, की मला घराचे आता काही खरे नाही असेच वाटले.

"हे काम कुनी केलंय, मास्तर?"

"तुम्हीच. गेल्या साली."

"तरीच!" तो म्हणाला. "म्हनलं, येवढं टिकलं कसं!"

मग त्याने स्वयंपाकघरावरची सगळी कौले झपाझप उतरवली, अंगणात त्यांचा ढीग घातला, माझ्याकडचा चहा घेतला आणि निघाला.

"आणि लावणार कधी?"

"उद्या सकाळी. ही शिडी ऱ्हाऊ द्या हितंच, म्हंजे तुमालाबी खात्री."

मिस्त्री एक वेळ आईबापांना सोडील, पण शिडी सोडणार नाही, अशा समजुतीने मी ती शिडी घरात आणली आणि उशाशी घेऊन निजलो. (गणपतकडे दुसरी शिडी होती, हे मला नंतर कळले.) गणपतच्या तोंडचा 'उद्या' हा काळ नसून नमस्कार आहे, हे व्याकरणही नंतरच उमगले. तरी मी रोज सकाळी आधण ठेवायचो, दोन कप मांडायचो आणि दारात उभा राहायचो. एकदा खंडाळ्यापर्यंत चालत गेलो, तर स्वारी कुणा मुंबईच्या शेटच्या बंगल्यावर चढलेली!

"गणपत!" मी खालून ओरडलो.

"आलोच, मास्तर!" तो वरून ओरडला. आकाशवाणी झाल्यासारखे मला वाटले आणि मी समाधानाने घरी परतलो. इतका भोळा माणूस व्याकरण कसे शिकवतो, याचे आजही मला नवल वाटते.

शाळेला सुट्टी होती. मुले नाहीत, त्यामुळे दिवसभरात माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. बोलायचे तरी कुणाशी? सवयीने 'अगं ऐकलंस का' म्हणायचो, आणि त्या 'ऐकलंस का'ला घर काही उत्तर द्यायचे नाही. मग मी शिडीशी बोलू लागलो. ती निदान उभी राहून ऐकायची. उघड्या छपरातून वानरे उतरायची. आरंभी मी त्यांना काठीने हाकलले, पुढे पुढे त्यांची वाट बघू लागलो. एका वानराने माझे पिठले बोटाने चाटले, माझ्याकडे फार वेळ कणवेने पाहिले आणि पातेले होते तिथे ठेवून ते निघून गेले. मग एक दिवस मी बाजारात गेलो असताना गणपत येऊन शिडीही घेऊन गेला. त्या दिवशी मात्र घर खरोखर ओकेबोके झाले. मी पायरीवर बसलो, आणि मला चक्क रडू आले. शिडीसाठी नव्हे, अर्थात.

दुसऱ्या सकाळी ठकूबाई दूध घेऊन आली. ही रोज कुरवंड्याहून डोंगर उतरून यायची, आणि शिडीशी चाललेले माझे बोलणे तिने दारातून ऐकले होते. वयाने मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणत असे. मी ठरवले, गणपतचा नाद सोडायचा आणि हिच्याच गावचा माणूस बघायचा. आता इथे माझे शिक्षण आडवे आले. साधा माणूस 'कौलं लावायची आहेत' म्हणाला असता. पण मी पडलो मराठीचा मास्तर! बाजारात सगळे आंबे स्वस्त झाले तरी आपण 'आंबा स्वस्त झाला' म्हणतो. अशा ठिकाणी एकवचन शोभते, हे मी वर्गात घसा फोडून सांगत असे. तेव्हा मी एकवचनच वापरले.

"मावशी, मला कौल लावायला माणूस हवा. तुमच्या गावात आहे कुणी?"

ठकूबाईने चरवी खाली ठेवली. "हाय की, धोंडिबा आबा. पर मास्तर, तुमी? आन कौल?"

"का? त्यात काय झालं?"

"न्हाई, शिकल्याली मान्सं ह्ये मानत न्हाईत, म्हनून म्हनलं."

(शिकलेली माणसे मंगलोरी कौले घालतात, देशी मानत नाहीत, असे तिला म्हणायचे असावे, असा मी अर्थ लावला.) "माझा देशीवर पूर्ण विश्वास आहे," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"मंग लय ब्येस. पर कशापायी लावायचा?"

लावायचा! घरावरचे कौल नपुंसकलिंगी, ते लावायचे असते. जो पुल्लिंगी कौल, तो देवाचा! हा फरक मी सातवीच्या मुलांकडून पाठ करून घेतलेला. माझ्या ओठांवर दुरुस्ती आलीच होती. पण म्हटले, जाऊ दे, खेड्यातली बाई आहे, हिला कुठले लिंग आणि कुठले वचन! आणि मोठ्या मनाने मी तिची चूक पोटात घातली.

"कशापायी काय, मावशी? घराची दशा बघताय ना? बाईसाहेब तिकडे जाऊन बसल्यात. कौल लागल्याशिवाय त्या काही यायच्या नाहीत."

ठकूबाईने पदर तोंडाला लावला. "अरं द्येवा! आन मी म्हनतीया, बाई म्हायेरपनाला गेल्यात!"

"त्या गणपतनं घात केला माझा. गोड बोलून सगळं उघड्यावर आणलं आणि पसार झाला!"

"द्येवाला नावं ठिवू नगा, मास्तर!"

"देव कसला? चोर आहे तो! हाताला लागू दे, तंगडी मोडतो!"

तिने दोन्ही कान धरले, गालांवर मारून घेतले आणि माझ्या वतीने कुणाची तरी क्षमा मागितली. जाताना म्हणाली, "आबाला घिऊन येते. नारळ, फुलं आन तांदूळ तेवढं आनून ठिवा."

नारळ समजला, कामाच्या आरंभी फोडतात. फुले नारळाला. तांदूळ कामकऱ्यांच्या जेवणासाठी असणार. मी पिशवीभर आणून ठेवले!

दोनच दिवसांनी धोंडिबा आबा आले. खांद्यावर घोंगडी, कपाळाला भंडारा, आणि मागे बायकापुरुषांचा हा मोठा घोळका. इतकी माणसे माझ्या दारात लग्नातसुद्धा आली नव्हती. दुपारपर्यंत घर शाकारून होणार, या आनंदात मी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणालो, "आबा, चढा आता वर."

"वर कशाला? मी खालूनच लावतो."

"खालून? खालून कसं लावणार?"

"आजा-पंज्यापासनं खालूनच लावतोय, मास्तर. जागा कुटं दावता?"

मी स्वयंपाकघर दाखवले. आबांनी वर निळ्या आभाळाकडे पाहिले, "जागा मोकळी हाय, ब्येस हाय," म्हणाले आणि मांडी घालून बसले. घोंगडीतून देवीचा चांदीचा टाक काढून त्यांनी पाटावर उभा केला. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ओले फूल चिकटवले. मंडळी हात जोडून बसली. आणि आबा खणखणीत आवाजात बोलू लागले :

"आये, ह्या मास्तरची घरधनीन रुसून म्हायेरी बसलीया. लेकरू खानंपिनं इसरलंय, येड्यावानी शिडीसंगं बोलतंय. बाई माघारी येनार असंल तर उजवं दे, न्हाईतर डावं दे!"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. पुल्लिंग! ठकूबाईचे व्याकरण अचूक होते!

तिथल्या तिथे उठून खुलासा करायला हवा होता. मी तोंड उघडलेही. पण ठकूबाई डोळे पुसत होती. कधी न पाहिलेली माणसे माझ्या बायकोसाठी हात जोडून बसली होती. कित्येक दिवसांनी त्या घरात श्वासांचा आवाज होता. आणि खरे सांगायचे तर मलाही उत्तर हवे होते. छपराचे काय व्हायचे ते होवो, ती येणार की नाही, एवढे मला कुणीतरी सांगायला हवे होते! देवधर्माची टिंगल करणारा मी, श्वास रोखून त्या उजव्या फुलाकडे बघत बसलो.

फुले हलेनात. मग डावे जरासे थरथरले. "अगं, नको!" मी मोठ्याने ओरडलो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. इतक्यात उघड्या छपरातून वाऱ्याची झुळूक आत उतरली आणि उजवे फूल टपकन पाटावर पडले.

"उजवा दिला! आईनं उजवा दिला!" एकच कल्ला झाला. फूल वाऱ्याने पडले हे मला दिसले होते. तरीही मी आबांच्या पायांवर डोके ठेवले, आणि बराच वेळ उचलले नाही.

पांगापांग होऊ लागली तेव्हा भीत भीत विचारले, "आबा, अंगणात ती कौलं आहेत, ती जरा..."

"ती व्हय? ते मिस्त्रीचं काम. आमी ह्यो कौल लावतो." आबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळी मंडळी डोंगराकडे चालू लागली. घर पुन्हा रिकामे झाले. गर्दी होऊन गेल्यावरचे रिकामे घर आधीच्यापेक्षा जास्त रिकामे असते. त्या दुपारी मी प्रसादाचे खोबरे खाल्ले आणि वानरांनाही दिले.

लोणावळ्याची बातमी पुण्याला गाडीच्या आधी पोचते. त्याच आठवड्यात एका दुपारी दारात टांगा थांबला आणि ही ट्रंक घेऊन उतरली. चपलासुद्धा न काढता तिने विचारले, "काय हो, माझ्यासाठी तुम्ही भगत बसवलात?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सबंध पेठेत झालंय! नवी वहिनी म्हणते, वन्सं, तुम्हाला आणायला भावजींनी देवीला कौल लावला. मला मेलीला इतकी लाज वाटली..." आणि तिचा आवाज भरून आला. "खरं सांगा, तुम्ही कौल लावायला माणूस बोलावला होतात?"

"हो," मी म्हणालो. "अगदी याच शब्दांत."

तिचे डोळे पाणावले. मग ती स्वयंपाकघरात गेली, तिने वर पाहिले, नंतर अंगणातल्या ढिगाकडे पाहिले, आणि शेवटी माझ्याकडे पाहिले. माझ्या चेहऱ्यावर काहीही लपत नाही, हा आमच्या संसारातला मोठाच दोष आहे. तिने उलटतपासणी घेतली आणि मी एकवचनापासून सगळे सांगून टाकले.

"म्हणजे मी नको होते! तुम्हाला कौलं हवी होती!" तिने ट्रंकेच्या कडीला हात घातला.

माझे सगळे व्याकरण तेव्हा पळून गेले. "अगं, पण ती कौलं तरी मला कशाला हवी होती?" मी म्हणालो. "मला एकट्याला गळकं घर काय वाईट होतं?"

तिने कडी सोडली, पदर खोचला आणि चूल पेटवायला घेतली. तेवढ्यात डोंगरापलीकडे गडगडले आणि वळवाचे टपोरे थेंब थेट आधणात पडू लागले.

"बघता काय?" ही ओरडली. "छत्री आणा!"

मुंबईपासून पुण्यापर्यंत, चुलीपुढे बसलेल्या बायकोच्या डोक्यावर छत्री धरून, स्वतः नखशिखांत भिजत, स्वयंपाकघराच्या मधोमध उभा असलेला मराठीचा मास्तर त्या संध्याकाळी मी एकटाच होतो. पण एवढा एकटेपणा मी आयुष्यभर सोसायला तयार होतो!