कोरडं अर्थिंग

पिंपळगाव राजाच्या एका म्हाताऱ्याने स्वतः जोडलेला, माइकचा आवाज वाढवणारा व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर सारखा घुमायचा. आमच्या सभेसाठी तो हवा होता, म्हणून मी मिठाची पुडी घेऊनच गेलो. अंगणात तुळस ओली होती, शेजारचा अर्थिंगचा खड्डा मात्र कोरडा ठणठणीत.

“काका, मीठ-पाणी टाकतो. अर्थिंग लागलं की घूं-घूं जाईल.”

“मले मालूम हाये बे. एकदा टाकलं होतं. घूं-घूं गेली, अन् तुही काकू बी गेली. खड्डा सुकला तवा दोघी वापस आल्या.”

भिंतीवर काकूंच्या फोटोला हार होता.

त्याने आवाज वाढवला, स्पीकरला कान टेकवला आणि मला बोटाने बोलावलं. भूत नसतं, अशी आमच्या या सभेची पत्रकं मी गावोगाव वाटली आहेत. मीही कान टेकवला.

त्या घुमण्याच्या तळाशी कोणीतरी श्वास घेत होतं.

पुडी मी खिशात टाकली. सभेत आम्ही माइकशिवायच बोललो.