तारीख रिकामी सोडली तर

समुद्रपुरात आमच्या गल्लीत एका काकांचं बिछायत केंद्र आहे. त्यांची वेबसाइट मी बनवून दिली. भाड्यानं मिळणारे मंडप, गाद्या, भांडी, सगळ्याची चौकशी एकाच फॉर्मवर. तारखेचा रकाना मी ऐच्छिक ठेवला, कारण आपल्याकडे लोक आधी भाव विचारतात, मुहूर्त मग काढतात. काकांना ते पटेना.

"बिनतारखेची चौकशी मले दिसन कशी? आजची तारीख पडू दे. यादीत वर येईन, मी फोन करीन."

मी भांडभांड भांडले. रिकामं ते रिकामंच राहिलं पाहिजे! पण वेबसाइट त्यांची, म्हणून फणकाऱ्यातच हवं तसं करून दिलं.

पुढे एका रविवारी मला पाहायला पाहुणे आले. मुलगा सावंगीला लॅबमध्ये कामाला. आधीच्या सगळ्यांनी स्वयंपाकाचं विचारलं होतं, यानं विचारलं, "दिवसभर कोडिंग करून मान दुखत नाही का?" मला तो तिथल्या तिथं आवडला. हे जमावं, असं मनापासून वाटलं.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. दोन माणसं बांबू उतरवू लागली.

"ताई, मंडप कुठी टाकाचा? लगन आजच हाय ना?"

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. "इथं तं लग्नाची तयारी सुरू हाय. आमाले काऊन बलावलं मंग?"

माझी आई रडवेली झाली. "मी तं सकाळी काकाच्या फॉर्मवर निस्ता भाव इचारला बाप्पा! तारीख टाकलीच नाई!"

मग माझ्या लक्षात आलं. काका बाहेरगावी होते आणि माणसं यादी बघून निघाली होती. लाज गुंडाळून ठेवून मी पाहुण्यांना सगळं समजावलं: रकाना रिकामा सोडला की आजची तारीख कशी पडते, मी काकांशी किती भांडले. बोलता बोलता पुन्हा राग आला आणि आवाज चढला. मुलगा खाली मान घालून हसत होता. त्याची आई हसली नाही. "घरी जाऊन कळवतो," म्हणून मंडळी उठली. जीव खट्टू झाला.

त्याच तिरमिरीत मी तारखेखाली एक चौकट टाकली: 'अजून ठरली नाही'. टिक केलं की तारीख रिकामी आणि चौकशी वेगळ्या यादीत. काकांना विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी काकांचाच फोन. "पोरी, तुह्या नव्या यादीत पह्यलीच चौकशी आली. पत्ता तुह्याच घरचा."

"आईनं भरला असेल."

"नाई. भरनारा सावंगीचा हाय. टिक केलं हाय, आन् खाली लिवलं हाय: आई हो म्हणाली. मुलीला विचारून तारीख सांगतो."