टेबल मिळालं का?

मंडळी, आज दुपारी सोनईच्या बाजारात मागून हाक आली, "भाऊसाहेब, टेबल मिळालं का?"

शिवणकाम करणाऱ्या मंदाबाई! किती वर्षांनी.

नव्वदच्या दशकात मी नगरच्या ग्राहक मंचात टंकलेखक होतो. मंदाबाईंचं नवं शिलाई मशीन महिन्यातच बिघडलं होतं आणि दुकानदार बदलून देत नव्हता. पुरावा म्हणून ते आमच्या खोलीत आलं. मला टेबल नव्हतं. मी त्याच्याच फळीवर टाइपरायटर ठेवला.

मंचावरच्या सदस्यांच्या जागा रिकाम्या, त्यामुळे सुनावणी सारखी पुढे जाई. बाई घरी हातानं टाके घालत. तारखेला आल्या की पदरानं मशीन पुसून म्हणत, "माझं न्हाई तर न्हाई, तुमचं तरी पोट चालतंय ह्याच्यावर."

अखेर सदस्य आले. मंदाबाईंना नवं मशीन देण्याचा आदेश मी त्या बिघडलेल्या मशीनवरच टाइप केला. मग ते दुकानदाराकडे गेलं आणि माझा टाइपरायटर खिडकीत.

"नाही हो, रिटायर होईपर्यंत नाही मिळालं," मी आज सांगितलं.

"मग तक्रार का न्हाई केली?"

जन्मभर लोकांच्या तक्रारींचे निकाल टाइप केले. बाईंना मी काय सांगायला हवं होतं, तुम्हीच सांगा.