ओवलेली सुई

बुधवारी दुपारी आम्ही चौघी मैत्रिणी शालिनीच्या घरी गोधडी अंथरतो आणि चारी बाजूंनी शिवायला बसतो. कुसुमला अलीकडे सुईचं नेढं दिसत नाही. ती ते सांगत नाही, आम्ही विचारत नाही. शालिनी मात्र आपला दोरा संपला नसला तरी आणखी एक सुई ओवते आणि बोलता बोलता कुसुमच्या गुडघ्याजवळ कापडात टोचून ठेवते.

"माझे टाके मोठे पडतायत गं," कुसुम म्हणते.

"पडू देत. पांघरणाऱ्याला कुठे दिसतायत?" शालिनी म्हणते.

मला वाटतं, एकत्र शिवण्यातलं सुख हेच असावं. हात कामात असतात, नजर खाली असते, त्यामुळे एकमेकींचं बरंच काही न पाहिल्यासारखं करता येतं.

परवा माझाच दोरा ओवला जाईना. तोंडात ओला केला, उजेडाकडे धरला, शेवटी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. परत आले तर माझ्या जागेवर एक ओवलेली सुई टोचलेली होती. कुसुमच्या गुडघ्याजवळची जागा रिकामी होती, आणि ती मान खाली घालून शिवत होती.