बेंजामिनच्या खोलीतली टिकटिक

शलमोन सुप्याच्या एका कारखान्यात नऊ वर्षं यंत्रांना आतून वीज पुरवणारे पॉवर सप्लाय तपासायचा. एकदा प्लग काढून ठेवलेल्या सप्लायनंच त्याला असा झटका दिला, की उजव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली. वीज तोडली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ती काही वेळ दबा धरून बसते, हे त्याला तेव्हा कळलं. पुढं मिरजगावात दुरुस्तीचं दुकान टाकल्यावर कुठलाही सप्लाय उघडला की तो आधी त्या कपॅसिटरला छोटा बल्ब टेकवायचा. आत वीज उरली असेल तर बल्ब क्षणभर पेटतो, मग हात घालता येतो.

मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी शाळेतल्या हेलनबाई प्रिंटर घेऊन आल्या. त्यांचा नवरा बेंजामिन आठ महिन्यांपूर्वी वारला होता. प्रिंटर त्याचा. त्याच्या आजारपणातच तो बंद पडला, आणि तेव्हापासून प्लग काढून तसाच ठेवलाय, कुणी हात लावला नाही, असं त्यांनी सांगितलं.

शलमोननं प्रिंटरमधला सप्लाय बाहेर काढला, उघडला, बल्ब टेकवला.

बल्ब पेटला.

इतकी वीज आत एक दिवससुद्धा टिकत नाही.

"बाई, हा आज कुणीतरी लावला होता."

हेलनबाईंचा चेहरा उतरला. मग हळू आवाजात त्यांनी राहिलेलं सांगितलं. सुट्टी लागल्यापासून रोज दुपारी त्यांना बेंजामिनच्या बंद खोलीतून टिकटिक ऐकू येई. दार उघडावं तर आवाज बंद, खोलीत कुणी नाही, प्रिंटरची वायर जमिनीवर. मधल्या दारातून शेजारच्या खोलीत बघावं तर सासूबाई झोपलेल्या, आणि त्यांना तर जवळजवळ दिसतच नाही.

शलमोननं सप्लायला वीज दिली. बारीक टिकटिक सुरू झाली. मीटरवरचा आकडा बेचाळीस व्होल्टवर जायला हवा होता. तो नवापर्यंत चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा, श्वास घेतल्यासारखा.

"हाच आवाज," बाई म्हणाल्या आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

दोष साधा होता. एका कपॅसिटरचं डोकं फुगलं होतं, त्यामुळं सप्लाय सुरू व्हायला बघायचा आणि दर वेळी मागं फिरायचा. शलमोननं तो बदलला. आकडा बेचाळीसवर जाऊन थांबला, टिकटिक गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो प्रिंटर पोचवायला गेला. हेलनबाई बाजारात गेल्या होत्या. दार सासूबाईंनी, साराआजींनी उघडलं. त्याच्या सांगण्याची वाट न बघता त्या भिंत चाचपत बेंजामिनच्या खोलीत गेल्या. त्यानं प्रिंटर टेबलावर ठेवताच त्यांनी वायर हातात घेतली आणि सवयीच्या हातानं प्लग लावला. मग प्रिंटरवर कान टेकला. दिवा लागला, आतला भाग घरघरत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि सगळं शांत झालं.

आजी कान लावून तशाच उभ्या होत्या.

"गेला," त्या म्हणाल्या. "रोज असाच टिकटिक टाईप करायचा माझा बेंजामिन."

शलमोननं खरं तेच सांगितलं, की तो आवाज बिघाडाचा होता.

"मला ठाव हाय की रे. बिघाडच हुता. पन हुता."

हेलनबाई कधीतरी येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, आत आल्या आणि सासूबाईंना हाताला धरून बेंजामिनच्या खुर्चीत बसवलं. आपण जमिनीवर बसल्या. तो काय काय टाईप करायचा, असं त्यांनी विचारलं, आणि आजी सांगू लागल्या.

शलमोन बाहेर आला. गाडी चालू न करता तो खिडकीखाली थांबला. आतलं बोलणं मधे थांबलं, की त्याचेही कान त्या टिकटिकीची वाट बघायचे.