वळसंगात ऐकलेला माझा आवाज

मे महिन्यात सोलापूरला जाऊ नकोस, असं मला सगळ्यांनी सांगितलं, आणि सांगणारे सगळे सोलापूरचेच होते. तरी गेले. कारण निव्वळ हौस. मी जाहिरातींना आवाज देते. गेल्या वर्षी पैशांच्या एका ॲपसाठी बोलले होते. ज्या बायकांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते बनवलंय. त्यात अक्षरं जवळजवळ नाहीतच. मडक्याच्या चित्रावर बोट ठेवलं की शिल्लक ऐकू येते, आणि खात्यात पैसे आले की ॲप आपणहून बोलतं. "गावात गलका असतो, खणखणीत बोला," असं रेकॉर्डिंगला सांगितलं होतं. बोलले खणखणीत. आता तो आवाज खऱ्या घरात कसा वाजतो ते ऐकायचं होतं. कौतुक करून घ्यायचं होतं म्हणा ना.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात पडतो. सकाळी निघणार असाल तर उजवीकडची खिडकी पकडा, डावीकडचं ऊन भाजून काढतं. मोहोळला गाडी थांबली तेव्हा चहा घेतला आणि पस्तावले, कारण त्या उन्हात चहा म्हणजे शिक्षाच. सोलापुरात स्टँडजवळच्या लॉजवर हजाराच्या आसपास खोली मिळाली. कूलर आवाज फार करायचा, वारा कमी. रात्री कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. एवढ्यासाठी मात्र सोलापूरला पुन्हा यायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सुरेखाताई स्टँडवर भेटल्या. त्या बचत गटाचं काम बघतात, आणि वळसंगच्या बायकांना हे ॲप त्यांनीच शिकवलंय. अक्कलकोट रस्त्याला वडाप, म्हणजे खाजगी जीप, मिळतं. माणसं भरली की सुटतं, भरली म्हणजे आपल्या कल्पनेच्या दुप्पट. सुरेखाताई ड्रायव्हरशी कन्नडमध्ये बोलत होत्या, माझ्याशी मराठीत, आणि दोघांनाही रागावत होत्या.

वळसंगात लिंबाखाली गटाच्या बायका जमल्या होत्या. मी "नमस्कार" एवढंच म्हटलं, आणि एकीनं तोंडाला पदर लावला.

"अगं बया! ही तर मोबाईलमधली बाई!"

"रोज सांजच्याला तुमचंच ऐकतो की आमी," दुसरी म्हणाली.

मग काय, फर्माइशी सुरू. "तुमच्या खात्यात जमा झाले" असं म्हणून दाखवलं, तर हशा आणि टाळ्या. मी अशी काही फुगले की विचारू नका. तेवढ्यात कडेला बसलेली एक बाई उठली. ती हसली नव्हती. माझ्याकडे नीट बघून ती चालायला लागली.

सुरेखाताईंचा चेहरा उतरला. "ती मायाक्का. चला तिच्या घरला. तुमाला कळायलाच पायजे."

मायाक्काचं घर दोन खोल्यांचं. बाहेर शेळ्या, आत एकच प्लग. तिनं पाणी दिलं आणि न विचारताच सांगायला लागली. मुलगी रेणुका बारावी झाली. तिला सोलापुरात नर्सिंगला घालायचं म्हणून मायाक्का बोकडं विकून पैसे साठवत होती, नवऱ्याला न कळू देता. नवऱ्याला रेणुकाला आपल्या बहिणीच्या घरी द्यायचं होतं. मुलीला अठरा पूर्ण, म्हणजे कायद्यालाही बोलायला जागा नाही. मायाक्काकडे एकच उत्तर होतं. लग्नाला पैसा न्हाय. ते उत्तर दोन वर्षं पुरलं होतं.

"मी शेरडं घेऊन माळावर गेलते. फोन हितं चार्जिंगला. नणंद आलती, मालक बसलेलं. बोकडाचं पैसं आलं आनि तुमी बोलला. किती आलं, एकंदर किती हाईत, समदं."

आकडा मी इथे लिहीत नाही. तो एकदा बोलून झालाय.

"सुपारी फुटली," ती म्हणाली. मग जवळ सरकली. "ताई, तुमी सांगितलं ते त्यानी मानलं. आता तुमीच सांगा की, पैसं न्हाईत म्हनून. तुमचं ऐकतील."

तेवढ्यात मोबाईलमधली बाई आल्याचं ऐकून बिरप्पा, तिचा नवरा, आला. मला वाटलं होतं कोणी दांडगट असेल. माणूस साधा, अदबशीर. त्यानं बाज टाकली, चहा सांगितला. "मॅडम, तुमच्यामुळं कळलं. न्हायतर ही रोज रडगानं गात व्हती."

मायाक्का माझ्याकडे बघत होती. मी अगदी रेकॉर्डिंगच्या आवाजात म्हटलं, "बिरप्पा, त्या दिवशी कंपनीची चूक झाली. तुमच्या बायकोच्या खात्यात तेवढे पैसे नाहीत."

तो उठला, कोनाड्यातला मायाक्काचा फोन घेतला आणि मडक्यावर अंगठा ठेवला. आणि मी बोलले. फोनमधून, खणखणीत, एकही आकडा न अडखळता.

बिरप्पा हसला, त्यात राग नव्हता. "ही खोटं बोलत न्हाय, मॅडम. तुमचीच काईतरी गफलत व्हतीया."

मायाक्का शेळ्यांकडे निघून गेली. रेणुका दारात उभी होती, तीही तिच्यामागे गेली. चहा मी प्यायले, कारण नाही म्हणायची हिंमत नव्हती.

परतताना वडापमध्ये सुरेखाताई खिडकीबाहेर बघत होत्या. "आवाज बारीक कुटं करायचा, त्याचं चित्रच न्हाय की त्यात," एवढंच त्या म्हणाल्या. मला माझ्या आवाजाची किळस आली होती.

पुण्यात आल्यावर कंपनीत जाऊन सगळं सांगितलं. माणसं वाईट नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि बदलही केला. आता ॲप आपणहून बोलत नाही. आधी कानाचं चित्र येतं आणि हळू आवाजात विचारलं जातं, "जवळ कोणी आहे का? फोन कानाला लावा." ते वाक्यही मीच बोललेय. बदल सुरू झाला त्या दिवशी सुरेखाताईंना उत्साहानं फोन केला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांच्या कामाला यील."

"आणि मायाक्काला शिकवाल ना?"

"लगीन झालं की पंधरा दिसांमागं. खातं रिकामं हाय, ताई. तिनं कानाला लावून ऐकायचं काय?"